साठचं कार्ड उपलब्ध नाही

माझ्या नातवाविषयी आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. बारावीनंतर त्याने एक वर्ष मागून घेतलं, आजोबांनी, म्हणजे मी, हौसेने गेमिंगचा चांगला लॅपटॉप घेऊन दिला, आणि तरी त्याला जमलं नाही. लग्नात, साखरपुड्यात, कुणी सहज विचारलं की माझा मुलगा ही गोष्ट दोन-तीन वाक्यांत उरकतो. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "सगळं दिलं हो, पण तेवढं त्याच्यात नव्हतं." नातू बहुतेक वेळा तिथेच असतो आणि खाली बघून जेवत राहतो.

ही गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे फार दिवस फक्त मला ठाऊक होतं. तोंडाने सांगून बघितलं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. म्हणून आता लिहितो आहे.

मी भांडुपच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. कारखान्यातल्या कुठल्याही खात्याला काही हवं असलं, मोटर, केबल, बेअरिंग, की त्यांची मागणी आमच्याकडे यायची. आम्ही बाजारातून भाव मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा आणि माल घ्यायचा. आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवली होती. मागणारा माणूस जितकं बारीक वर्णन करून मागेल, तितका त्याच्यावर संशय घ्यायचा. कारण कुणाला आपल्या ओळखीच्या दुकानदाराचाच माल घ्यायचा असला की तो मागणी अशी लिहितो, की दुसरा कुठलाही माल त्यात बसूच नये. हे पकडणं म्हणजे आमचं कसब. मी त्यात तरबेज होतो.

आणि एक वाक्य होतं. एखाद्याने हट्टाने मागितलेली वस्तू आम्ही घेतली नाही आणि तो भांडायला आला, तर आम्ही कागदावर लिहायचो, 'बाजारात उपलब्ध नाही.' वाद तिथे संपायचा. वस्तू समोरच्या दुकानात रांगेने मांडलेली असली तरी.

नातू लहानपणापासून खेळायचा. पाचजणांची टोळी करून दुसऱ्या पाचजणांना गोळ्या घालायच्या, असा तो खेळ. मला त्यातलं काही कळत नसे, पण इमारतीतली मोठी मुलंसुद्धा त्याला विचारायला यायची हे दिसत होतं. अंधेरीत एक संघ होता, तो अशा मुलांना पगार देऊन ठेवायचा. त्या वर्षी ते नवी मुलं घेणार होते. आधी घरून खेळवून बघायचं, मग शेवटच्या काहीजणांना तिकडे बोलवायचं. माझा मुलगा ऐकायला तयार नव्हता. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, एक वर्ष दे. नाही जमलं तर मुकाट्याने तू सांगशील ते करेल. लॅपटॉप माझ्याकडून. माझ्या शब्दावर ते वर्ष मिळालं.

नातवाने दोन लॅपटॉप निवडून आणले होते. किंमत जवळपास सारखीच. एक जाडजूड, त्यात ज्याला ती मुलं साठचं कार्ड म्हणतात ते. दुसरा पातळ, देखणा, त्यात सत्तरचं. कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग. एका सेकंदात जितकी जास्त चित्रं, तितका समोरचा शत्रू आधी दिसतो, एवढं मला त्याने समजावलं होतं.

"आजोबा, आपल्याला साठवाला घ्यायचाय," तो म्हणाला.

"सत्तर त्याच पैशात मिळतंय ना रे?"

"मिळतंय. पण नुसता नंबर नका बघू, वॅट बघा. पातळवाल्यात त्या सत्तरच्या कार्डाला ऐंशीच वॅट देतात. जास्त दिले तर तापेल ना. जाड्यात साठला एकशे चाळीस देतात. पूर्ण. म्हणून साठ पुढे जातं."

"म्हणजे मोठं कार्ड छोट्यापेक्षा हळू?"

"उपाशी ठेवलं तर हळूच चालणार ना."

आमची ही, म्हणजे त्याची आजी, आतून आली. माझ्या हातातला कागद तिने वाकून बघितला. मी खरोखरच दोन रकाने आखून तक्ता केला होता.

"तुमका काय कळता त्यातला?" ती म्हणाली. "पोर सांगता तां हाडा नि मोकळे व्हा. हयसर काय टेंडर काढूचा हा?"

नातू हसला. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात जुनी घंटी वाजली होती. हाच नंबर, एवढेच वॅट, हाच जाडा. इतकं बारीक वर्णन. कुठल्या तरी मित्राचं दुकान असणार, नाहीतर इंटरनेटवर कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं असणार. अठरा वर्षांच्या मुलाला मी एका क्षणात कारखान्यातला मागणारा करून टाकलं.

घाटकोपरच्या दुकानात मी एकटाच गेलो. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले होते. साठवाला खरंच बोजड होता, त्याचा अडॅप्टर तर विटेएवढा. पातळ मी एका हाताने उचलला. विक्रेता म्हणाला, "काका, सेम प्राइसमध्ये सत्तर मिळतंय, विचार काय करताय?" त्याला तरी मी वॅटचं विचारावं की नाही? नाही विचारलं. माझ्या तक्त्यात सगळ्या रकान्यांत पातळच जिंकत होता. मी तो घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून बसलो. नातवाने मागितलं त्याहून मोठं मी त्याला देतोय, असं मला वाटत होतं. लोभ नव्हता, कंजुषी नव्हती. एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

त्याने खोका बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "साठवाला?" त्याने विचारलं.

"उपलब्ध नाही," मी म्हणालो. "संपलाय. पुन्हा येणारही नाही म्हणाले."

इतकं सहज निघालं तोंडातून. जन्मभराची सवय. मग मला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "असू दे आजोबा. हा पण भारी आहे."

पहिली काही मिनिटं खेळ छान चालायचा. मग यंत्र तव्यासारखं तापायचं आणि चित्र अडखळायला लागायचं. त्याने लॅपटॉपखाली बाटल्यांची झाकणं लावली. टेबलफॅन त्याच्यावर रोखला. पंख्याचा वारा लॅपटॉपला आणि पोरगा घामाने निथळलेला, असं ते वर्ष गेलं. अगदी सुरुवातीलाच एकदा तो म्हणाला होता, "आजोबा, दुकानात विचाराल का? बदलून देतात का? अजून आठवडा नाही झाला."

तो आंघोळीला गेला तेव्हा मी अडॅप्टर उलटा करून त्याच्यावरची पट्टी वाचली. कारखान्यात मी हजारदा मोटरवरची पट्टी वाचली होती. नाव कितीही मोठं असो, यंत्र तेवढंच काम करतं जेवढी वीज त्याला मिळते, हे नव्या मुलांना मीच शिकवायचो. त्या अडॅप्टरमधून सगळा लॅपटॉप चालायचा होता, आणि त्याच्यावरचा आकडा एकट्या कार्डाचं पोट भरायलाही जेमतेम पुरला असता. पोराने मला जे सांगितलं होतं ते अक्षरशः तिथे छापलेलं होतं. मी अडॅप्टर होता तसा ठेवला.

संध्याकाळी मी सांगितलं, "दुकानात फोन केला होता. बदलून देत नाहीत."

फोन केला नव्हता. केला असता आणि त्यांनी बदलून साठवाला दिला असता, तर तो दुकानातच होता हे घरात कळलं असतं, आणि मग माझं पहिलं खोटं उघडं पडलं असतं. त्यात मी तोवर इमारतीत सगळ्यांना सांगून बसलो होतो, की माझ्या नातवाकडे सत्तरचं कार्ड आहे म्हणून. मुलं येऊन बघून जात होती. एवढ्याशा फुशारकीसाठी माणूस काय काय गिळतो.

तरीही तो शेवटच्या काहीजणांत आला. हे कुणी सांगत नाही. त्या तापलेल्या यंत्रावर खेळून तो तिथपर्यंत पोचला. अंधेरीला मी त्याच्याबरोबर गेलो. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमध्ये टेबलं, प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणायचा. मला कोपऱ्यात खुर्ची दिली. पहिल्या फेरीत त्याची टोळी जिंकली. दुसरी लांबली. मला पडदा समजत नव्हता, पण नातवाची मान समजत होती. ती पुढे झुकत गेली, मग एकदम मागे आली. त्याच्या पडद्यावर शत्रू दिसायच्या आधीच नातू स्वतः मेलेला असायचा, एवढं मलाही कळत होतं. त्याने निवड करणाऱ्या संघाच्या कप्तानाला काहीतरी सांगितलं. कप्तान विशीतला पोरगा, वाईट नव्हता. त्याने लॅपटॉपवरच्या स्टिकरवरची माहिती बघितली आणि म्हणाला, "सत्तर आहे ना भाई तुझ्याकडे? तो बघ, साठवर खेळतोय. मग कसलं रडतोस यार?"

साठवर खेळणाऱ्या मुलासमोर तोच जाडा लॅपटॉप होता. मी ओळखला.

नातू परत पडद्याकडे वळला. त्या आकड्याने त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि तो आकडा मी विकत आणला होता. मला उठून सांगता आलं असतं. खुर्चीपासून टेबल चार पावलांवर होतं. म्हातारा मध्येच काय बडबडतोय असं वाटलं असतं, एवढंच झालं असतं. मी बसून राहिलो.

त्याला घेतलं नाही. घरी आल्यावर मुलाने कारण विचारलं. नातू म्हणाला, "मशीन गरम होत होतं, पण..." मुलगा म्हणाला, "पण काय? सत्तर असून मशीनचं नाव सांगतोस?" आणि मग मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ दे रे. हत्याराला नावं ठेवणं सोपं असतं." नातवाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. आजोबा म्हणतात म्हणजे तसंच असेल, असं काहीतरी होतं. त्यानंतर त्याने मशीनचं नाव कधी काढलं नाही.

आता तो विक्रोळीच्या एका ऑफिसात ग्राहकांचे फोन घेतो. लॅपटॉप सूनबाई वापरते, सोसायटीचे हिशेब करायला आणि मालिका बघायला. ती म्हणते, किती हलका आहे. तो आता अजिबात तापत नाही.

या वर्षी होळीनंतर एका रविवारी दुपारी तो कपड्यांना इस्त्री करत होता. घरात आम्ही दोघंच होतो. ही जाऊन वर्ष झालं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने इस्त्री उभी ठेवली.

"म्हणजे दुकानात होता तो?"

"होता. शेजारीच होता."

"आणि फोन?"

"नव्हता केला."

त्याने शर्टाची कॉलर बोटांनी सरळ केली. मला वाटलं ओरडेल. मी त्याची वाट बघत होतो.

"हे आत्ता का सांगितलंत, आजोबा?"

"तुझी चूक नव्हती हे तुला कळावं म्हणून. तू कमी नव्हतास रे."

"ते तुम्हाला काय माहीत?" तो शांतपणे म्हणाला. "कदाचित साठवर पण हरलो असतो. पण मग ते माझं हरणं असतं ना. आपल्यात नाही, हे मी एकदाचं मान्य केलं होतं. किती दिवस लागले त्याला. मान्य केलं की मग त्रास होत नाही. आता काय मान्य करू? आता मला कधीच कळणार नाही."

मी म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही, तोच घेऊ, माझ्याकडे थोडे आहेत. मी काय बोलत होतो मला कळत नव्हतं.

"ती कार्डं जुनी झाली, आजोबा," तो म्हणाला. "मी पण. तिकडे आता सोळा-सतराची पोरं आहेत." आणि त्याने इस्त्री परत उचलली.

मला वाटलं होतं, सांगितलं की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. पण उतरलं ते माझं, आणि तेही त्याच्याच खांद्यावर.

निदान घरातली गोष्ट तरी सुधारावी म्हणून मी गणपतीत प्रयत्न केला. नैवेद्यानंतर पंगत बसली होती, गावचे पाहुणे होते. कुणीतरी नातवाला विचारलं, काय रे, तुझं ते खेळाचं काय झालं? मुलाने सुरुवात केली, "सगळं दिलं हो..." मी त्याला थांबवलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की चुकीचा लॅपटॉप मी आणला. त्याने साठचं मागितलं होतं. ते दुकानात होतं, मी खोटं बोललो. वॅट, अडॅप्टर, सगळं सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असावा.

मुलगा हसला. प्रेमानेच हसला. "बाबा, किती पाठीशी घालाल नातवाला! साठपेक्षा सत्तर मोठं, हे शाळेतलं पोर पण सांगेल." पाहुणे हसले. एकजण म्हणाले, आजोबांचा जीव हो नातवावर.

मी नातवाकडे बघितलं. तो एकटाच सांगू शकला असता. कसं सांगायचं तेही त्याला येत होतं, मला त्यानेच तर शिकवलं होतं. त्याने वाटी माझ्या पानाजवळ सरकवली.

"पप्पा बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "आजोबा, वरण घ्या, गार होतंय."