जोहारपुढची दोन टिंबं

हरिदासला कारणं शोधायचं वेड होतं. घड्याळ बंद पडलं तर ते का पडलं हे आधी कळलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. बायको कमला म्हणायची, "तुमच्या कारनापायी घरातलं एकबी घड्याळ चालत नाई."

१९८९ साली चंद्रपूरच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि या वेडाला काम मिळालं. हरिदासने आज्ञांची एक यादी लिहिली. रोज सकाळी कॉम्प्युटर ती वाचून टेलिफोनच्या तारेवरून मूल आणि कुरखेडा इथल्या कॉम्प्युटरांना आपणच गाठायचा, एकेक आज्ञा द्यायचा आणि तलावांच्या पाण्याचे आकडे आणायचा. साहेब हे पाहुण्यांना अशा ऐटीत दाखवत, की यादी त्यांनीच लिहिली असावी.

एका सोमवारी कुरखेड्याच्या कॉम्प्युटरने आकडे न देताच फोन आपटायला सुरुवात केली. मूलचे आकडे मात्र येत. कुरखेड्याला सोमारी नैताम ही नवी ऑपरेटर होती, जंगलातल्या गावातून शिकून आलेली. साहेबांनी निकालच लावला, "बाईला मशीन झेपत नाही. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर काढतो तिला."

हरिदासला ते लागलं. वस्तीतला पोरगा म्हणून त्यालाही मास्तरांनी पेपर तपासायच्या आधी नापास ठरवलं होतं. पण गंमत अशी, की तो स्वतः टाइप करून त्याच आज्ञा देई तेव्हा कुरखेडा निमूट आकडे देई. यादी देई तेव्हा हाकलून लावी. चार दिवस त्याला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी त्याने पडद्यावर येणारं अक्षर न अक्षर छापून घेतलं. पहिल्या ओळीत 'जोहार :'. तिच्याखाली 'नाव :'.

त्याने कपाळावर हात मारला. तो जोहार त्याने रोज पाहिला होता. पण नमस्कार कोण वाचत बसतो? माणूस तो घेतो आणि पुढे जातो. यादीला मात्र त्याने शिकवलं होतं, दोन टिंबं दिसली की नाव सांग, पुन्हा दिसली की खुणेचा शब्द. ती जोहारालाच नाव सांगून मोकळी होई आणि नाव विचारल्यावर खुणेचा शब्द देई.

त्याने कुरखेड्याला फोन लावला. "बाई, मशीनमंदी जोहार तुमी टाकला का?"

"हो भाऊ. काऊन, चुकलं का?" सोमारीचा आवाज बारीक झाला. "चंद्रपूरवरून रोज कोनीतरी येते, अन् आपली मशीन त्याले दारातच नाव इचारते. मले बरं नाई वाटलं. पुसून टाकू का?"

"नका पुसू. माह्या यादीले कोनी जोहार करन, हे मीच तिले शिकवलं नवतं."

शनिवारी साहेबांसमोर कुरखेड्याचे आकडे सरसर आले. "काय चुकत होतं तिचं?" साहेबांनी विचारलं.

"तिचं नाही साहेब, माझं," हरिदास म्हणाला आणि त्याने यादीच्या माथ्यावरची नवी ओळ दाखवली : आधी जोहार घे, मग नाव सांग.