चोक बघितलासा काय?

मारुतीअण्णा दिवा बदलायला शिडीवर चढले की आधी फिटिंगचं झाकण उघडत, खांद्यावरच्या टॉवेलनं चोकवरची धूळ पुसत आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं बोट ठेवून मोठ्यानं वाचत. निपाणीचा सातवी शिकलेला वायरमन. अक्षरं एकेक, सुटी यायची. खाली आम्ही हसायचो. “हसा की,” ते वरूनच म्हणत. “दिव्याचं काय, मिळंल तेवढं पितोय आन् फुटतोय. किती पाजायचं त्ये चोकाच्या हातात.” दुसरं कुणी दिवा लावताना दिसलं, की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “चोक बघितलासा काय?”

बेळगावच्या त्या फाउंड्रीत मी मेंटेनन्स इंजिनिअर. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. टेबलावरची नावाची पाटी मी स्वतःच करून आणली होती. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला साहेब म्हणायचे. ते मला आवडायचं.

शेडमधल्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कास्टिंगवरची बारीक चीर दिसत नाही, अशी तक्रार आली. मी खडेबाजारातून पांढऱ्या उजेडाचे मेटल हॅलाइड दिवे मागवले. वॅट तेवढेच, होल्डर तोच. अण्णांनी खोकं फिरवून फिरवून वाचलं. “साहेब, दिवा येगळा हाय, चोक सोडियमचा. चोक बी बदलूया.”

चार कामगारांसमोर बोलले, तेच मला लागलं. इंजिनिअर कोण, तुम्ही का मी, असं मी विचारलं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दिवे बसवले. शेड पांढरीफेक झाली. मालकांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवा फुटला. तापलेली काच खाली कास्टिंग घासत बसलेल्या परशरामच्या मानेवर पडली. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. अण्णा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, आता साहेब बोलतील, म्हणून.

मी म्हणालो, “चोक बघून घ्या, असं मी यांना सांगितलं होतं.”

अण्णांनी मान खाली घातली. “व्हय. ऱ्हायलं बघायचं.”

चोक न बघता जन्मात एक दिवा न लावलेला माणूस. त्याच महिन्यात त्यांना घरी बसवलं. जाताना माझ्या टेबलाशी आले, तेव्हा मी फाइल उघडून बसलो. “परशाच्या डोक्यावरचं बाकीचं दिवं आधी उतरवा, साहेब,” एवढंच बोलले.

दिवे उतरवले, चोकही बदलले. निपाणीला जाऊन माफी मागायची, हे मात्र दर रविवारी ठरायचं आणि राहायचं. गेलो ते दोन वर्षांनी, अण्णा वारल्याचं कळल्यावर. त्यांच्या बायकोनं पदरानं खुर्ची पुसून दिली. चहाचा कप माझ्या हातात देताना काकू दबकत म्हणाल्या, “त्यांच्या हातनं चूक झालती, साहेब. तुम्ही मनात धरू नगासा.”

अण्णांनी घरीसुद्धा तेच सांगितलं होतं.

मी “नाही, नाही” म्हणालो आणि चहा प्यायलो.