लाल फितीची बाई

डिग्ना इन्त्रियागो फाटकात दिसली की आमच्या एल कार्मेनच्या पट्ट्यात माणसं हातातलं काम टाकून आधी तिच्या पिशवीकडे बघायची. पिशवीत लाल फितीचं रीळ असायचं. ज्या केळीला ती फीत बांधली ती केळ गेली, आणि तिच्याभोवती पाच पावलांत उभी असलेली धडधाकट केळीही गेली. सगळ्यांच्या खोडात विष टोचायचं, उभ्या जागी सुकवायचं आणि सहा महिने त्या तुकड्यात पाऊल टाकायचं नाही. मोको रोगाला दुसरं औषध नाही. म्हणून लोक तिला तोंडावर डिग्नाताई म्हणायचे आणि पाठ वळली की 'मरणाची मेव्हणी'. तिला ते ठाऊक होतं. "मेव्हणी तर मेव्हणी," ती म्हणायची, "निदान पाहुणा येण्याआधी कळवते तरी."

बाई पन्नाशीची, काटकुळी, लग्न न केलेली, आणि एकदा चालायला लागली की कुत्रीसुद्धा मागे पडायची. केळी उत्पादक संघाकडे रोग बघायचं काम करायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. मंगळवार ते शुक्रवार बेचाळीस मळे, दर आठवड्याला. आधी वरचं कोवळं पान बघायचं, ते पिवळं पडून मान टाकतंय का. मग घड बघायचा, हिरव्यागार फणीत एकच केळं घाई करून पिकलंय का. शंका आली तरच कोयत्यानं खोडाची चकती काढायची आणि आत तपकिरी ठिपके आहेत का ते बघायचं. एवढ्यानं खात्री पटली नाही तर आईचा निळ्या काठाचा काचेचा पेला पाण्यानं भरायचा आणि खोडाचा तुकडा त्यात दोऱ्यानं टांगायचा. मोको असेल तर दोन-चार मिनिटांत तुकड्यातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरतात. ते उतरत असताना मळ्याच्या मालकाच्या तोंडाकडे डिग्ना कधीही बघत नसे.

मोको कोयत्याच्या पात्यावरून पसरतो हे गावाला तिनंच शिकवलं होतं. प्रत्येक फाटकाशी औषधाच्या पाण्याची बादली तिनंच ठेवायला लावली होती. आत शिरताना कोयता बुडवा, बाहेर पडताना बुडवा. कुणी कंटाळा केला तर चारचौघांत त्याची सालटी काढायची. ती स्वतः कोयता बुडवून, फडक्यानं खडखडीत पुसून मगच म्यानात घालायची, कारण औषधाच्या ओलीनं कातडं तडकतं, आणि ते म्यान बापाच्या हातचं होतं. बाप एवारिस्तो खोगिरं शिवायचा. मुलगा नाही म्हणून त्यानं पंधरा वर्षांच्या पोरीलाच म्यान शिवून दिलं होतं, झालरीचं, दुहेरी शिवणीचं. आमच्याकडे कमरेला म्यान नसलेल्या माणसाला लोक विचारतात, विजार घरी विसरलास का? दर शनिवारी ती त्याला डुकराची चरबी चोळायची. बाप जाऊन वीस वर्षं झाली तरी म्यान मऊ होतं.

त्या वर्षी पावसाबरोबर मोकोनं डोकं वर काढलं. आधी सिनेसिओ म्हाताऱ्याकडे चार केळी, मग त्याच्या शेजारी, मग ओढ्यापलीकडे. बघता बघता सात मळे. सिनेसिओकडे घड उतरवून पुरायला शेजारपाजारचे सगळे आपापले कोयते घेऊन धावले. म्हातारा पायरीवर बसून होता. डिग्ना शेवटची फीत बांधून आली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "डिग्ना, महिन्यापूर्वी तू इथली चकती काढून बघितलीस, तेव्हा काय निघालं?"

"काही नाही, काका. स्वच्छ होती."

"म्हणजे तू येऊन गेलीस आणि मग हा आला. पलीकडेही तसंच झालं म्हणतात. बाई, तू पांढऱ्या पायाची तर नाहीस?"

लोक हसले. तीही हसली. "पाय बघा की! गुडघ्यापर्यंत चिखल, पांढरे कुठून असणार?"

पण ते हसू रस्त्यातच वाळलं. घरी येऊन तिनं वही उघडली आणि सातही मळ्यांच्या तारखा खाली-वर लावून बघितल्या. ज्या क्रमानं ती गेली होती त्याच क्रमानं रोग गेला होता. मधला एकच मळा सुटला होता. तिथे त्या वेळी शंका घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं चकती काढली नव्हती.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. तिनं बुटांचे तळ ब्रशनं घासले, नखं मुळापर्यंत कापली, वहीचं पुठ्ठ्याचं कव्हरसुद्धा औषधानं पुसलं. घड भरून नेणाऱ्या ट्रकवाल्यांशी ती भांडली. त्यांनी तिच्या तिप्पट शिव्या दिल्या. मधमाश्या रोग नेतात हेही खरं, म्हणून तीन दिवस केळफुलांखाली मान वर करून उभी राहिली आणि मान धरून घरी आली. आणखी दोन मळे गेले.

रविवारी ती नार्सिसाकडे जेवायला गेली. नार्सिसाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी डिग्नानंच हातांवर धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा घट्ट. नार्सिसानं मासे साफ केले, सुरी लिंबू चोळून धुतली आणि खिळ्यावरच्या नेहमीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. शेंगदाण्याच्या रश्श्यातले मासे खाऊन झाल्यावर तिनं तीच सुरी काढून पपई कापली. तिच्या नवऱ्यानं, उल्बिओनं, पहिलीच फोड थुंकली.

"पपई आहे का पापलेट?"

"गप्प बसा हो. सुरी लिंबानं धुतलीय मी, कोमाद्रेच्या डोळ्यांदेखत."

"सुरी धुतलीस. फडकं कोण धुणार, तुझा भाऊ?"

डिग्नाच्या हातातली फोड हातातच राहिली. तिचा दुसरा हात कमरेच्या म्यानावर गेला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ती कॉफीसुद्धा न घेता उठली, आणि नार्सिसा मागून ओरडत राहिली की एवढं काय झालं, दुसरी पपई कापते.

घरी ओट्यावर बसून तिनं ब्लेडनं बापाची शिवण उसवली. पहिला टाका तुटला, मग तिनं भराभर सगळी कापली. आत, जिथे चरबी कधी पोचली नव्हती आणि औषध तर तिनं पोचूच दिलं नव्हतं, तिथे केळीच्या चिकाचा काळा, चिकट थर बसला होता. फाटकाशी ती पातं बुडवायची, मग म्यानात घालून केळीपर्यंत चालत जायची, मग उपसून चकती काढायची. बुडवलेलं पातं दर वेळी त्याच चिकातून बाहेर येत होतं.

खरं तर तिनं तसंच उठून संघाच्या शेडकडे धावायला हवं होतं. ती धावली नाही. अकरा वर्षांत पुरती खात्री पटल्याशिवाय आपण एकाही केळीला फीत बांधली नाही, तिनं स्वतःला सांगितलं, मग खात्रीशिवाय स्वतःला तरी कशी बांधायची? हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिला भीती वाटत होती. सिनेसिओच्या पायरीवरचं ते हसणं तिच्या कानातून जात नव्हतं.

परसात बापानं लावलेल्या केळींची सहा कोवळी पिलं होती. तीन पिलांना तिनं नुसत्या औषधात बुडवलेल्या सुरीनं चीर दिली. उरलेल्या तीन पिलांना तीच सुरी बुडवून, पुसून, उसवलेल्या म्यानाच्या आतून फिरवून चीर दिली. मग वाट बघायची. कोयता ती बादलीत घालून नेऊ लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "म्यानाची शिवण उसवलीय."

मंगळवारी ती नार्सिसाच्या मळ्यावरून गेली. तिथे आजवर चकती काढायची वेळच आली नव्हती, इतका तो मळा निरोगी. उल्बिओ फाटकाशी कोयता बुडवत होता.

"बघ, कोमाद्रे, दोनदा बुडवला! नाहीतर म्हणशील, उल्बिओ कामचुकार."

त्यानं पातं झटकलं, कमरेच्या म्यानात सरकवलं आणि पानं छाटायला ओढ्याकडे निघाला. सिनेसिओचे रोगट घड उतरवायला गेला होता तेव्हाही कमरेला हेच म्यान होतं. डिग्नाचं तोंड उघडलं. पण म्यान काढ म्हटलं की 'का' हा प्रश्न येणार होता, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं.

"छान," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. उजाडताच परसात, दुपारी परसात, कामावरून आल्यावर पिशवी खांद्यावर असतानाच परसात. कोवळं पान बोटांत धरून बघायची, जरा पिवळं वाटलं की उन्हाकडे धरायची. कधी वाटायचं, एकदाची पडू दे मान, सुटेन. लगेच वाटायचं, नको, सहाही जगू देत, म्हणजे मी नव्हते. मळ्यामळ्यातून जाताना आता तिला माणसं दिसतच नव्हती. फाटकाशी बुडणारी पाती आणि कमरेची म्यानं तेवढी दिसत होती. प्रत्येक जण तिनं शिकवलं तसंच, अगदी मन लावून करत होता. शाबासकीसाठी तिच्याकडे बघत होता.

सव्विसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, म्यानातल्या सुरीच्या दोन पिलांनी मान टाकली. नुसत्या सुरीची तिन्ही ताठ होती. तिनं पेला भरला, तुकडा टांगला. धागे उतरले. तोंड चुकवायला समोर कुणीच नव्हतं.

शनिवारी संघाच्या शेडमध्ये सगळ्यांना जमवून तिनं उसवलेलं म्यान टेबलावर पसरलं आणि पपईपासून पिलांपर्यंत सगळं सांगितलं. नऊ मळ्यांची नावं घेतली.

"म्हणजे खरंच पांढऱ्या पायाची निघालीस," सिनेसिओ म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

"आणि आमची म्यानं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सगळ्यांची जाळायची. आजच. कोयता औषधाच्या बादलीतून न्यायचा."

"माझं आज्याचं आहे."

"माझं बापाचं होतं," डिग्ना म्हणाली.

गलका उठला. हिला काढून टाका, असं एक जण ओरडला. हिला काढून रोग कोण बघणार, तुझी सासू? असं दुसऱ्यानं सुनावलं. त्या गलक्यात नार्सिसा उठून उभी राहिली. ती मोठ्यानं बोलली नाही, तरी लोक गप्प झाले.

"तुला कधी कळलं, कोमाद्रे?"

"पपईच्या दिवशी."

"पपईच्या दिवशी," नार्सिसा म्हणाली. मग बोटांवर दिवस मोजत बसली नाही, तडक बाहेर पडली. डिग्ना पिशवी आणि बादली घेऊन तिच्या मागे. पावसात दोघी ओढ्याकाठच्या तुकड्यात पोचल्या. तिथे एका केळीचं कोवळं पान पिवळं पडून खाली लोंबत होतं.

"परवापासून असं आहे," नार्सिसा म्हणाली. "हे म्हणाले, जाऊन सांगून येऊ का. मी म्हटलं, कशाला? मंगळवारी कोमाद्रे येईलच, ती बघेल."

डिग्नानं बादलीतला कोयता घेतला, चकती काढली, पेला भरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं पाण्याकडे बघितलं नाही. ती नार्सिसाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि धागे कधी उतरले ते तिला तिथेच दिसलं.

"हे दोनदा बुडवून तुला दाखवत होते. घरी येऊन सांगितलं मला, कोमाद्रे छान म्हणाली." नार्सिसानं हात पुढे केला. "आण ती फीत. मी बांधते."

तिनं गाठ मारली, ओढून घट्ट केली. मग स्वतःच पाच पावलं मोजली, चारी बाजूंना. वाटेतल्या प्रत्येक केळीला हात लावून गेली. एकवीस भरल्या. परत येऊन तिनं रीळ डिग्नाच्या पिशवीत ठेवलं.

"मंगळवारी ये. कामासाठी ये. पण मला कोमाद्रे म्हणू नकोस."

त्या संध्याकाळी शेडमागे म्यानं जळली. ओल्या कातड्याचा वास दोन दिवस गेला नाही. मंगळवारी डिग्ना नेहमीच्या वेळी फाटकाशी आली, बूट बुडवले, बादली खाली ठेवली. नार्सिसा अंगणातच होती, पण तिनं मान वर केली नाही. डिग्ना फाटकाबाहेरच थांबली.

"नार्सिसाबाई," तिनं हाक मारली, "तुमचा कोयता कशात ठेवलाय, जरा दाखवता का?"