चिंबोऱ्यांचा नैवेद्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी भाजी करपली तरी ऑफिसात फोन करून सांगते.

माझं माहेर कानपूरकडचं. आमच्याकडे भाद्रपदात गौर येत नाही. लग्नानंतर नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात भाड्याच्या खोलीत राहायला आले, तेव्हा सणावाराला दार लावून रडत बसायचे. पहिल्याच भाद्रपदात घरमालकीण जनीबायनं ते दार वाजवलं आणि तेरड्याची जुडी माझ्या हातात दिली. "गवर माहेराला आली हाय, नि तू रडतेस कशाला? चल, तुजं पन माहेर हेच."

पावलं कशी काढायची, तेरड्याला साडी कशी नेसवायची, सगळं तिनं शिकवलं. तिच्या गौरीला चिंबोऱ्यांचा नैवेद्य. लेक माहेरी आली की तिच्या आवडीचं रांधायचं, एवढं साधं. मी शाकाहारी — खेकड्यांच्या वासानंच मागे सरकले. ती रागावली नाही, हसली. पुढच्या वर्षापासून माझ्यासाठी वेगळ्या कढईत अळूवड्या तळायला लागली. भाडेकरणीसाठी कोण करतं हो एवढं?

पुढे आम्ही सानपाड्याला फ्लॅट घेतला. तिथंही मी गौर आणली. सोसायटीतल्या बायका कौतुकानं विचारायच्या, तुम्हाला हे इतकं छान कसं जमतं? मी सांगायचे, पुण्याच्या मैत्रिणीनं शिकवलं. अशी कुणी मैत्रीणच नाही. बोनकोड्याचं, चिंबोऱ्यांचं नाव काढलं तर नाकं मुरडतील, अशी भीती. कधी मुरडली होती का कुणी? नाही.

एका वर्षी हळदीकुंकवाला घर भरलं होतं. बेल वाजली. दारात जनीबाय — नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात झाकलेलं पातेलं. वासावरूनच कळलं आत काय आहे ते. माझ्या गौरीसाठी आणलं होतं तिनं. आतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे हो?"

आणि मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "मासळीवाली आहे. दार चुकलीय."

जनीबायनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरून तिला गौर दिसत होती, तिनंच शिकवलेल्या निऱ्यांची. मग आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय बाय, दार चुकलं माझं." आणि पातेलं घेऊन जिना उतरून गेली. माझी लाज तिनं राखली. मी तिची राखली नाही.

पुढच्या भाद्रपदात माफी मागायची ठरवून तिच्या घरी गेले. तिनं तेरड्याची जुडी बांधून ठेवली होती. वेगळ्या कढईत अळूवड्या होत्या. "गरम हाय तवर खा." मी खाल्ल्या. माफी मागायची राहूनच गेली. अजून दरवर्षी जाते, दरवर्षी खाते. या शहरात मला जे आपलं वाटतं ते सगळं तिच्या घरातून आलं, आणि त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. ती मात्र पुन्हा सानपाड्याला आली नाही.

यंदा मी बायकांना सांगून टाकलं, हे सगळं बोनकोड्याच्या जनीबायनं शिकवलं म्हणून. कुणी नाक मुरडलं नाही. उलट एकीनं चिंबोऱ्यांचं कालवण कसं करतात तेही विचारलं. पण त्या दिवशीची मासळीवाली तीच, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

तीच होती. आणि तिचं दार चुकलं नव्हतं.