लाइन न गेलेली संध्याकाळ

हेमेंद्र टेंभरे चहा बशीत ओतायचा, निववायचा आणि पुन्हा कपात ओतून प्यायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघायचा, मग माणसांकडे. वायरीचं साल दातानं काढायचा. पुढच्या एका दाताला त्यामुळे खाच पडली होती. टेस्टर शर्टाच्या खिशात ठेवायचा, म्हणून एकूणएक शर्टाच्या खिशाला खाली भोक. दुर्गेश्वरी ते शिवायची, तो आठवड्यात परत पाडायचा. रस्त्यानं कुणाची गाडी वेगळा आवाज करत गेली की बोलणं अर्ध्यावर सोडून मान वळवायचा. राग आला की शिटी वाजवायचा.

गोंदियातलं शोरूम बंद पडलं तेव्हा तो कितीतरी दिवस शिटीच वाजवत होता.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचं शोरूम होतं ते. हेमेंद्र तिथं मेकॅनिक. चोरखमाऱ्याच्या कालव्यावरच्या त्याच्या गावात आणि आजूबाजूला ज्यांनी ज्यांनी ती गाडी घेतली, त्यांनी कंपनीचं नाव पाहून घेतली नव्हती. आपला हेमेंद्र तिथं आहे, एवढंच पाहिलं होतं. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या. कुठं तरी एक जळाली, तिचा व्हिडिओ गावोगाव फिरला. कंपनीचा मालक मोबाइलवर गिऱ्हाइकांशी भांडू लागला. लोक ते भांडण तमाशासारखं बघत. शोरूमसमोर बंद गाड्यांची रांग लागली आणि आतल्या शिव्या हेमेंद्रनं खाल्ल्या, कारण डीलर मागच्या दारानं जायचा. एका सकाळी शटर उघडलंच नाही.

तेवढ्यात कंपनीनं चार्जरचा पिन बदलला. जुना गोल होता, नवा चपटा. जुने चार्जर बनायचे थांबले. ज्याचा जुना चार्जर बिघडला त्यानं नवी गाडी घ्यावी, असं कंपनीचं म्हणणं. लोक हेमेंद्रच्या दारात आले.

"तुह्या भरोशावर घेतली ना बाबू गाडी. आता काय तिच्यात कोंबड्या बसवू?"

त्यानं वायर बनवली. एका टोकाला नवा चपटा पिन लागेल, दुसरं टोक जुन्या गाडीत जाईल. गोम एकच होती. नवा चार्जर बॅटरीला सारखं विचारत राहतो, पोट भरलं का? जुन्या बॅटरीला उत्तर देता येत नाही. हेमेंद्रच्या वायरीत सर्किटचा एक बारका तुकडा होता, तो तिच्या वतीनं उत्तर द्यायचा. आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. नाही भरलं, अजून दे.

म्हणजे वेळेत पिन काढला नाही तर चार्जर देतच राहणार.

पण पिन न काढण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पट्ट्यात रोज सांजेला, गाई घरी यायच्या सुमारास, विजेची लाइन जायची. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की हमखास. आणि लाइन गेली की प्रत्येक घरात पहिलं काम एकच, सगळे पिन काढून टाकणं. येताना ती झटका देत यायची, टीव्ही जाळायची. हे लहान पोरांनाही ठाऊक. दुपारी गाडी लावायची, लाइन गेली की काढायची. हेमेंद्र प्रत्येकाला तेवढंच सांगायचा. लाइन जाणार नाही असाही दिवस येईल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तिथं कुणाच्याच आलं नसतं.

वैशाखातली लगीनसराई होती. दुर्गेश्वरी अंगणात सडा टाकत होती. केवलराम लाइनमन पेढ्याचा पुडा घेऊन आला.

"घे वो वहिनी, तोंड गोड कर. नवं सबस्टेशन चालू झालं. आजपासून लाइन नाही जाणार."

"कायची थट्टा करून राहिला भाऊ?"

"थट्टा नोको समजू. पाह्य ना वर."

दुर्गेश्वरीनं वर पाहिलं. गाई येऊन गेल्या होत्या. ओसरीतला पंखा फिरत होता. तिला हसू आलं. आज पहिल्यांदा सैपाक करताना घामाच्या धारा लागणार नव्हत्या. ती हेमेंद्रला पेढा द्यायला वळली. तो पंख्याकडे बघत होता. त्याच्या हातातली बशी कलली होती आणि चहा पायावर सांडत होता.

"काऊन जी? काय झालं?"

"वायरी," तो म्हणाला. "सगळ्याइच्या वायरी लागून असतीन."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं पेढा तसाच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि फोन आणायला धावली.

हेमेंद्रच्या भावाची पेट्रोलची मोटरसायकल उभी होती. हेमेंद्र चालवत होता, ती मागं बसून फोन लावत होती. तो नावं ओरडायचा, ती लावायची. पहिल्या दोघांनी लगेच उचलला.

"पिन काढा. आत्ता काढा. मी फोनवरच हाय."

"अवं बाई, लाइन तं जाऊ दे!"

"नाही जात आज! काढा म्हणते ना!"

तिसरा चिडला. कंपनी पळाली, आता तुम्ही बी पलटून राहिले का, म्हणाला. शिव्या देत देत त्यानं पिन काढला. गाडी हाताला लागली तर तापली आहे, असंही म्हणाला. चौथ्याच्या पोरीनं काढला. पाचव्याची गाडी बंदच होती, तो ती आठवड्यापासून लावत नव्हता. दुर्गेश्वरीला थोडं हायसं वाटलं.

"आता कोण?"

"ग्यानीराम मामा, कालव्यापलीकडचा. ढोराइच्या कोठ्यात लावते तो. तणशीजवळ."

ग्यानीराम मामांचा फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग रामकली मामीचा लावला. तिनं उचलला तर पलीकडं नुसता डीजे.

"मामी! गाडी चार्जिंगले लावली का?"

"काय? वरात? वरात आली ना, तुम्ही कोठी हा?"

"गाडी! गाडी लावली का घरी?"

"हो लावली ना दुपारीच. लाइन गेली का भैय्यालाल बाबाजी काढून घेतीन, चाबी देऊन आलो ना त्याइले." मग कुणाला तरी मोठ्यानं हसून काही सांगितलं, आणि फोन कटला.

फोन स्पीकरवर होता. हेमेंद्रनं मामीचा शब्द न् शब्द ऐकला होता. कालव्याच्या पाळीवर त्यानं गाडी अशी सोडली की दुर्गेश्वरीनं फोन कमरेला खोचून त्याचा शर्ट दोन्ही हातांनी धरला. दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं. गावोगावचे खांबावरचे दिवे लागले होते, आणि जळतच होते.

भैय्यालाल बाबाजी ग्यानीरामच्या अंगणात खाट टाकून बसले होते. शेजारचा म्हातारा माणूस, धोतराच्या कनवटीला चावी. नजर समोरच्या खांबावर.

"बाबाजी, चाबी द्या!"

"बस ना बाबू, पाणी पे. कायची घाई हाय?"

"पिन काढाचा हाय गाडीचा!"

"लाइन कोठी गेली अजून?" बाबाजींनी खांबाकडे बोट केलं. "ग्यानीरामनं सांगतलं, लाइन गेली का काढजा. मी तेच पाहून राहिलो कवापासून. गेली का काढतो."

"नाही जात ती आज!"

"असं कसं नाही जाईन? माह्या जलमात नाही झालं असं."

दुर्गेश्वरीला वास आला. जळकट नव्हता. गोडसर होता, घसा धरणारा. तिनं बाबाजींच्या कनवटीला हात घातला आणि चावी ओढून काढली. एरवी सासरकडच्या म्हाताऱ्या माणसासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई. बाबाजी "अवं अवं" करत उठले.

कोठ्याचं दार उघडलं. आत धूर नव्हता अजून. एक बारीक सूं सूं आवाज मात्र होता, कुकरची शिटी वाजायच्या आधी येतो तसा. एका अंगाला धानाच्या तणशीचा ढीग आढ्यापर्यंत. दुसऱ्या अंगाला दोन बैल दाव्याला हिसके देत होते. मधे स्कूटर. तिच्या पोटाखालचा पत्रा फुगला होता.

"बैल सोड!" हेमेंद्र ओरडला. तो ओसरीतल्या मीटरकडे धावला आणि मेन स्विच पाडला. सगळं घर अंधारलं.

"गेली का लाइन?" बाबाजी बाहेरून म्हणाले.

लाइन गेली तरी आवाज थांबला नाही. उलट वाढला. हेमेंद्रनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि आत शिरला. पिन ओढला. निघेना, वितळून बसला होता. आणि पिन लागून असला की त्या गाडीचं मागचं चाक आपोआप जाम होतं, चोरी होऊ नये म्हणून. कंपनीनं जाहिरातीत मोठ्या अक्षरात सांगितलेली सोय होती ती.

दुर्गेश्वरीनं एक बैल बाहेर काढला. दुसऱ्याचं दावं सुटेना. तिला पांढरा धूर दिसला, गाडीच्या खालून, दाट, जमिनीलगत पसरणारा. त्यात हेमेंद्र गुडघ्यावर बसून पकडीनं पिन पिरगाळत होता.

"सोडा जी ते! बाहेर या!"

"तणीस हाय वो! घर जाईन!"

दावं सुटलं. बैल तिला ढकलून बाहेर धावला. मागं पिन काडकन तुटून निघाला. मग गाडी आली, उलटी, हँडलला धरून ओढलेली, आणि तिच्यामागून खोकत हेमेंद्र. त्यानं ती अंगणातून खळ्यापर्यंत नेली आणि सोडली. तो दहा पावलं लांब गेला असेल नसेल, गाडीनं पेट घेतला. निळा-पांढरा जाळ, फटाक्यांच्या माळेसारखा आवाज. गाव गोळा झालं. कुणी पाणी ओतलं, कुणी माती. ती आपली आपण जळून विझली.

घराला काही झालं नाही. तणशीची एक काडी जळाली नाही.

बाबाजींच्या सुनेनं चहा केला. हेमेंद्रनं तोंड धुतलं, चहा बशीत ओतला. डोळे लाल होते. हाताच्या तळव्याला फोड आले होते, एवढंच. लोक हसायला लागले होते, भीती उतरली की हसतात तसे.

"बाबाजीनं तं चाबीसाठी मार खाल्ला असता टेंभऱ्याच्या सुनेचा!"

"मी काय चुकलो?" बाबाजी म्हणाले. "लाइन गेली का काढजा, असंच सांगतलं होतं ना?"

"तुम्ही नाही चुकले बाबाजी," हेमेंद्र म्हणाला आणि खोकला.

परत येताना तो सावकाश चालवत होता. कालव्याजवळ त्यानं गाडी थांबवली.

"एक राहिला," तो म्हणाला.

"कोण?"

"शोरूम बंद झाल्यावर एक दिवस एक माणूस भेटला होता गोंदियाले, बंद शटरसमोर. चुड्या-बांगड्या विकते, गाडीवर पेट्या बांधून. इटियाडोह धरणाकडचा. रडकुंडीले आला होता, तं मी माह्या बॅगेतली वायर देऊन टाकली."

"नाव काय त्याचं?"

"नाही इचारलं."

"नंबर?"

तोही नव्हता. तो म्हणाला, "अर्जुनीकडच्या बाजारात भेटंन कोठी तरी. चुड्यावाला बाजार सोडत नाही. सकाळी निघतो. तू बी चाल, बायाइले तूच इचारशीन."

"चालते," दुर्गेश्वरी म्हणाली.

जेवताना तो खोकत होता. धूर गेला असेल, म्हणाला, गरम पाणी दे. तिनं हळद घालून दूध दिलं. पहाटे त्याला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसला होता, ओठ काळे पडले होते, आणि छातीतून पाण्यासारखा आवाज येत होता. केवलरामनं कुणाची तरी जीप आणली. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, धूर कशाचा होता? बॅटरीचा म्हटल्यावर ते एकदम घाईत आले. असल्या धुराचं असंच असतं म्हणाले. माणूस चहा पितो, चालतो, बोलतो, आणि आतमध्ये फुफ्फुसं भरत जातात.

नाकातोंडावर मास्क होता. तो बाजूला करून हेमेंद्र काहीतरी सांगू पाहत होता. दुर्गेश्वरीनं कान जवळ नेला.

"बाजार," एवढंच तिला कळलं.

"जाऊ ना जी. तुम्ही बरे व्हा, मग जाऊ."

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, तिला आजही सांगता येत नाही. दुपार व्हायच्या आत तो गेला.

तेरवी होईपर्यंत ती घराबाहेर पडली नाही. गावातल्या वायरी लोकांनी आपणहून आणून ओसरीत ठेवल्या. ग्यानीराम मामा पायरीवर बसून नुसते रडले. चुड्यावाल्याचा पत्ता मात्र कुणाकडं नव्हता. दुर्गेश्वरीनं केवलरामला विचारलं, इटियाडोहाकडं कसं आहे लाइनचं? तिकडं अजून रोज सांजेला जाते, तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, पण तिकडचं सबस्टेशन बी होऊन राहिलं हाय, वहिनी.

चुड्यावाल्याला शोधायचं राहिलं आहे.