हवेतली पांदण

बायको अंथरुणाले खिळली तेव्हा पोरानं घाटंजीच्या बाजारातून बिनवायरची बेल आणून देली. बटन तिच्या उशाशी, वाजणारा डब्बा ओसरीत माझ्याजवळ. तिले बोलवत नव्हतं. पाणी पाहिजे असलं की दाबायची.

ती गेली. मग मीच कधी बटन दाबायचो. डब्बा वाजला की बरं वाटे. एक दिवस वाजेना. सेल गेला असंल म्हणून बटनात नवा टाकला, तरी नाही. डब्बाच बिघडला होता. बटन तिच्या गादीत गुंडाळून ठेवून देलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मास्तरची गाडी रिमोटनं उघडेना. चावीनं दार उघडलं तर भोंगा बोंबलते अन् इंजिन सुरू होत नाही. मास्तरच्या मायले यवतमाळले डायलिसिसले न्यायचं होतं. म्हातारी पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली.

चौकातला मेकॅनिक आला. रिमोटचा सेल बदलला, तेच. मग त्यानं सोताच्या गाडीचं रिमोट दाबून पाहिलं. "हे चौकात चालते, इथं नाही. या गल्लीतच काहीतरी चालू हाय. चाचा, तुमच्या घरी बिनवायरचं काही?"

"नाही," म्हनलं मी. मले वाटलं, बटन घेऊन जाईल.

"शेतात जायची पांदण असते ना, तशी हवेतही एकच पांदण हाय, चाचा. कोणाच्या बापाची नाही. एकानं मधात बैलबंडी सोडली की बाकीचे अडकले."

मास्तर म्हणे, "काका, तुमची ती बेल होती ना?"

"डब्बा बिघडला तिचा."

"डब्बा बिघडला. बटन कुठं हाय?"

म्हातारीच बोलली, "कायले त्याच्या मांगं लागता? ऑटो बोलवा."

ऑटोत गचके बसले की आजारी माणूस कसं कण्हते, ते मी माझ्या घरी पाहिलं होतं. आत गेलो, गादी सोडली. वजनानं बटन दबूनच होतं, बारका लाल दिवा जळून राह्यला होता. कवापासून हाक मारून राह्यलं होतं, देव जाणे.

मेकॅनिकनं सेल काढला. मास्तरनं रिमोट दाबलं, गाडी उघडली. म्हातारीले धरून बसवलं, गेले.

"घ्या चाचा, बटन तुमचं. सेलही ठेवा, फक्त दाबून ठेवू नका."

बटन घेतलं. म्हनलं, "सेल तू ने बापा. घरात राह्यला तर मी परत टाकतो."