मामांचा ऐच्छिक डोळा

आमच्या हिचे मामा लेखी आदेशाशिवाय कधी शिंकलेही नसतील. यवतमाळच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तरी लोहारा गावातल्या घरी सकाळी दहाच्या ठोक्याला शर्ट खोचून खुर्चीत बसतात. कुणाची लग्नपत्रिका आली की आधी लाल शाईने शुद्धलेखन तपासतात. आमची तर दुरुस्तीसाठी परत आली होती.

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अक्षर दिसेना, म्हणून मामी रोज पेपर मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि नेमका कोरोना आला. दवाखान्याचा निरोप आला, ऐच्छिक शस्त्रक्रिया तूर्त स्थगित. मामा त्या एका शब्दावर अडून बसले. "ऐच्छिक म्हणजे कोणाच्या इच्छेनं? मले तं कोणं विचारलं नाही," असं मला फोनवर ऐकवून त्यांनी मामींना अर्जच लिहून घ्यायला लावला: अर्जदारास ऑपरेशनची भीती वाटते, अर्थात सदर शस्त्रक्रिया त्याच्या इच्छेविरुद्ध आहे, सबब ती ऐच्छिक नसल्याने तात्काळ करण्यात यावी. उत्तर आलं नाही. आवक क्रमांकही नाही, हे त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या लाटेत मामींनाच दवाखान्यात न्यावं लागलं. बारा दिवस. पेपर दारात येऊन पडत आणि मामा त्यांची घडीही मोडत नसत. फोनवर एवढंच म्हणत, "घरात आवाज नाही, जावईबापू." मामी परतल्या त्या घोगरा आवाज घेऊन. दोन ओळींत धाप लागायची, तरी वाचायच्या. निधनवार्ता तेवढ्या गाळायच्या.

पुढे ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली. आधी नाकातून तपासणी, सोबत एकच नातेवाईक, तोंडाला मास्क. काम डोळ्याचं, मग नाकात काडी काहून, याचा मामांनी डॉक्टरीणबाईंकडे खुलासा मागितला. तो त्यांनी हसत दिला. पण रिपोर्ट निगेटिव्ह आल्याचं कळताच मामांचा चेहरा उतरला. "उभ्या नोकरीत माह्या गोपनीय अहवालात निगेटिव्ह शेरा नाही," म्हणाले. नर्सने समजूत काढेपर्यंत ते टेबलावर चढायला तयार होईनात.

एक डोळा छान झाला, महिन्याभराने दुसराही. तरी पेपर मामीच वाचत राहिल्या. अक्षरं अजून नीट लागत नाहीत, असं मामा सांगायचे आणि मला ते खरं वाटायचं. परवा राळेगावला जायचं होतं म्हणून सकाळी लवकरच त्यांच्याकडे डोकावलो, तर मामा ओट्यावर एकटेच पेपर वाचत बसलेले. बोट निधनवार्तांवर होतं.

"दिसते की तुम्हाला," मी म्हणालो.

"लख्ख दिसते," ते हळूच म्हणाले. "पण बारा दिवस तिचा आवाज नव्हता, जावईबापू. आता रोज आयकून राह्यलो. हे मात्र ऐच्छिक आहे. तिले सांगू नका."

एवढ्यात आतून मामींनी पेपर आला काय म्हणून विचारलं. मामांनी पेपरची होती तशी घडी घातली, तो दाराशी टाकला आणि खुर्चीत डोळे मिटून बसले.

"आला असन," ते म्हणाले. "पाह्य बरं."